ब्राउन्सना क्वार्टरबॅक ओळखता येत नाही, म्हणे!

दर हंगामात ब्राउन्सचा, म्हणजे आमच्या क्लीव्हलंडच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, तिसरा-चौथा पराभव झाला की एक संदेश माझ्या फोनवर न चुकता येऊन पडतो. ओहायोतल्या आमच्या मराठी गटातून येतो, न्यू जर्सीच्या मेव्हण्याकडून येतो, एकदा तर थेट पुण्याहून आला. पुण्याच्या भावाला क्वार्टरबॅक कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं, पण खाली 'तुझीच ना रे ही टीम?' हा प्रश्न मात्र होता. यंदा तो आमच्या एका काकांनी पाठवला आणि पुढे लिहिलं, 'आता बोल.' म्हणून बोलतो.

संदेश असा: 'क्लीव्हलंडच्या टीमला शाप आहे. १९९९पासून चाळीसहून जास्त क्वार्टरबॅक झाले, एक टिकला नाही, कारण यांना माणूसच ओळखता येत नाही. पहिला टिम काउच, तो फुसका बार. मग ब्रेडी सोडला, रॉथलिसबर्गर सोडला, महोम्स सोडला. बेकर मेफील्ड नुसता तोंडाळ, त्याला घालवला ते बरंच झालं. डिशॉन वॉटसनवरचा डाव बरोबर होता, नशीब आडवं आलं. आता उपाय एकच. एक हंगाम मुद्दाम हरा, पहिल्या नंबरचा पिक मिळवा, चांगला पोरगा उचला, विषय संपला.'

चाळीसचा आकडा खरा आहे. त्याबद्दल भांडण नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई सुरू झाली की चेंडू बहुतेक वेळा आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात. त्यांना थोपवायला त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन भिंतीसारखे उभे असतात. भिंत पडली की क्वार्टरबॅक जमिनीवर. त्याला सॅक म्हणतात. आणि दर एप्रिलमध्ये कॉलेजातल्या खेळाडूंची वाटणी होते, तो ड्राफ्ट. आदल्या हंगामात ज्याची सगळ्यांत जास्त दैना झाली त्याचा हक्क, म्हणजे पिक, पहिला. ब्राउन्सचा हक्क बऱ्याचदा पहिला-दुसरा असतो, एवढ्यावरून काय ते समजा.

आता शापापासून सुरू करू, कारण तो लवकर निकाली निघतो.

२००७चा पहिला सामना. पिट्सबर्गने आमच्या मैदानावर ३४-७ असं झोडपलं. सुरुवातीला उतरलेला चार्ली फ्राय मध्यंतरापर्यंतही टिकला नाही. हे झालं रविवारी. मंगळवारी त्याला सिॲटलला देऊन टाकलं. उन्हाळाभर ज्याला पहिला क्वार्टरबॅक म्हणून घडवलं, त्याला दोन दिवसांत गावाबाहेर! हे शापाने झालं नाही, कुणीतरी फोन उचलून केलं. पुढच्याच रविवारी डेरेक अँडरसनने पाच टचडाउन फेकले (म्हणजे त्याचा चेंडू पाचदा गुणरेषेपलीकडे झेलला गेला), सिनसिनाटीला ५१-४५ हरवलं, आणि टीमने तो हंगाम १०-६ असा, म्हणजे दहा विजय आणि सहा पराभवांनी, संपवला. मग फ्रायला विकणं बरोबरच ठरलं की, असं काका म्हणतील. अहो काका, पण मग अँडरसनच चांगला आहे हे उन्हाळाभर दिसलं कसं नाही? आणि त्याच वर्षी जो थॉमस नावाचा डावा टॅकल, म्हणजे भिंतीच्या डाव्या टोकाचा लाइनमन, आला आणि भिंत उभी राहिली, हे तुमच्या संदेशात कुठे आहे? (आणि १०-६ होऊनही प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकला. इथे मात्र शाप म्हणायचा मोह मलाही होतो.)

शापवाल्यांचा लाडका पुरावा म्हणजे ब्रँडन वीडनचा व्हिडिओ. २०१२च्या पहिल्या सामन्याआधी मैदानभर राष्ट्रध्वज पसरला होता आणि हा सराव करता करता त्याच्याखाली सापडला. वर झेंडा, खाली क्वार्टरबॅक, एक उंचवटा इकडून तिकडे सरकतोय. हसून हसून पुरेवाट. त्या दिवशी त्याने चार इंटरसेप्शनही फेकले, म्हणजे चेंडू चारदा थेट विरोधकांच्या हातात, आणि १७-१६ असे हरलो. पण वीडन ड्राफ्टच्या वेळी २८ वर्षांचा होता. आधी बेसबॉलमध्ये नशीब आजमावून मग कॉलेजात फुटबॉलकडे वळलेला. ज्या वयात बाकीचे दुसरा करार करतात त्या वयात नवखा, आणि त्याच्यासाठी पहिल्या फेरीतला पिक खर्च केला. झेंडा बिचारा काय करणार?

आता काउच. हा मुद्दा मला झोंबतो, आणि का ते सांगतो.

आर्ट मॉडेल या मालकाने १९९५च्या हंगामानंतर टीम उचलून बाल्टिमोरला नेली. शहराने भांडून नाव, रंग आणि इतिहास तेवढा ठेवून घेतला. तीन वर्षं क्लीव्हलंडला टीमच नव्हती. १९९९ साली नवी टीम उभी राहिली, त्याच वर्षी मी नोकरीसाठी इथे आलो. ऑफिसातल्या लोकांनी मला खेळ शिकवला तो काउचवर. मी घेतलेली पहिली जर्सी त्याची, २ नंबरची.

नवी टीम म्हणजे काय, तर इतर टीमांनी नको म्हटलेल्या खेळाडूंतून वेचलेली माणसं. पहिल्या रात्री पिट्सबर्गने ४३-० असं धुतलं. त्या रात्री सुरुवात टाय डेटमरने केली होती. बेत असा की काउचने वर्षभर बसून शिकावं. बेत एक सामना टिकला. दुसऱ्या आठवड्यापासून पोरगा आत. त्या हंगामात तो ५६ वेळा सॅक झाला. छप्पन! प्रत्येक वेळी उठून, पाठीवरचं गवत झटकून, पुन्हा त्याच भिंतीमागे उभा. खांदा, अंगठा, पाय, सगळं एकेक करून गेलं. २००३नंतर तो या लीगमध्ये पुन्हा कधी सामना खेळला नाही. १९९९नंतर तीन वर्षांनी ह्यूस्टनची नवी टीम आली, त्यांनीही पहिला पिक क्वार्टरबॅकवर लावला, डेव्हिड कार. पहिल्या हंगामात त्याला ७६ सॅक. तोही पुढे गळून गेला. दोन नव्या टीमा, दोन पहिले पिक, दोघांची गत एकच, आणि तरी म्हणायचं काउच फुसका होता?

आता झोंबण्याचं कारण. ६ ऑक्टोबर २००२, रविवारची रात्र, समोर बाल्टिमोर. काउचच्या डोक्याला मार बसला आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. त्याच्या जागी बदली क्वार्टरबॅक केली होल्कम आत येणार म्हणून स्टेडियममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काउच नंतर पत्रकारांसमोर डोळे पुसत होता. त्या रात्री मीही स्टँडमध्ये होतो. टाळ्या वाजवल्या की नाही, हे मला आठवत नाही असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. वाजवल्या होत्या. त्याच हंगामात टीम प्लेऑफला गेली; प्लेऑफआधीच्या शेवटच्या सामन्यात काउचचा पाय मोडला, प्लेऑफमध्ये होल्कमने पिट्सबर्गविरुद्ध ४२९ यार्ड फेकले आणि तरी ३६-३३ असे हरलो. मग वर्षभर गावात एकच वाद: काउच की होल्कम? शेवटी दोघंही गेले.

'ब्रेडी सोडला, रॉथलिसबर्गर सोडला, महोम्स सोडला.' ही यादी नीट वाचली की तीन वेगळी प्रकरणं निघतात. संदेशाने ती एका दोरीत ओवली आहेत.

ब्रेडी. २००० साली ब्राउन्सनी १८३व्या नंबरवर स्पर्गन विन हा क्वार्टरबॅक घेतला आणि १९९व्या नंबरवर न्यू इंग्लंडने टॉम ब्रेडी. ऐकायला भयंकर. पण न्यू इंग्लंडने स्वतः ब्रेडीच्या आधी सहा जण उचलले होते. त्यांना तरी तो ओळखता आला होता का? ब्रेडी पहिलं वर्ष जवळजवळ बसून होता, समोर ड्रू ब्लेडसोसारखा जम बसलेला माणूस. इकडे विनला त्याच वर्षी डिसेंबरात जॅक्सनव्हिलविरुद्ध आत ढकललं आणि सामना ४८-० असा हरलो. विनच्या जागी ब्रेडी असता तर त्या भिंतीमागे त्या दिवशी काय झालं असतं? पुढे ब्रेडीने जिंकलेले सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, तर नक्की नसते झाले. कदाचित ४८-३.

रॉथलिसबर्गर. इथे काका, तुमचं म्हणणं मान्य. ओहायोचाच पोरगा, फिंडलेचा, ओहायोतल्याच मायामी विद्यापीठात खेळलेला. २००४ साली सहाव्या नंबरवर आपण केलन विन्स्लो घेतला, एक टाइट एंड, म्हणजे चेंडू झेलणारा आणि भिंतीलाही हात देणारा. त्याच्यासाठी सातवरून सहावर सरकायला दुसऱ्या फेरीचा पिकही घातला. अकराव्या नंबरवर पिट्सबर्गने बेनला, म्हणजे याच रॉथलिसबर्गरला, उचललं, आणि पुढची अठरा वर्षं वर्षातून दोनदा तो आपल्याला येऊन मारून गेला. याला माफी नाही. फक्त एवढंच लक्षात घ्या की पिट्सबर्गने त्याला भरल्या घरात आणलं. तीच भिंत, तोच बचाव, बिल कावर हा तोच कोच १९९२पासून. बेनलाही पहिल्या दिवसापासून उतरवायचा त्यांचा विचार नव्हता, पुढचा माणूस जखमी झाला म्हणून तो आला. आपल्याकडे २००४चा कोच हंगाम संपायच्या आत गेला.

महोम्स. तो २०१७. कॅन्सस सिटीने दहाव्या नंबरपर्यंत उडी मारून घेतला आणि वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून ठेवला, एक सामना सोडून. त्याच वर्षी आपण दुसऱ्या फेरीत डिशोन कायझर घेतला. एकवीस वर्षांचा पोरगा. त्याला पंधरा सामन्यांत सुरुवातीला उतरवलं, मध्येच बाहेर काढलं, पुन्हा उतरवलं. ११ टचडाउन, २२ इंटरसेप्शन, टीम ०-१६. मार्चमध्ये त्याला ग्रीन बेला देऊन टाकलं. कायझर महोम्सच्या तोडीचा होता असं मी म्हणत नाही, तेवढा भक्त मी नाही. पण एक माणूस वर्षभर वही घेऊन बसतो आणि दुसऱ्याला पहिल्याच दिवशी विहिरीत ढकलतात, यात ओळखण्याचा प्रश्न किती आणि ढकलण्याचा किती?

आणखी एक प्रकरण संदेशात नाही, पण ते मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०१४चा नोव्हेंबर. ब्रायन होयर हा क्लीव्हलंडच्याच परिसरात वाढलेला, साधा, पोट भरण्यापुरता क्वार्टरबॅक, आणि टीम ७-४! गाव वेडं झालं होतं. मग होयरचे दोन-तीन सामने बिघडले. पहिल्या फेरीत घेतलेला जॉनी मँझिएल बाकावर बसला होता, त्याच्या जर्सी आधीच खपल्या होत्या, आणि जो तो ओरडत होता: जॉनीला आणा. आणला. पहिल्याच सामन्यात सिनसिनाटीकडून ३०-०. हंगाम ७-९. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मँझिएलचं पुढे जे झालं ते झालं, पण होयरच्या जागी त्याला आणण्याची घाई मालकांपासून वरच्या रांगेतल्या प्रेक्षकांपर्यंत सगळ्यांना होती.

आता बेकर. 'तोंडाळ होता, घालवला ते बरं झालं.'

तोंडाळ होता, खरं आहे. २० सप्टेंबर २०१८च्या गुरुवारी रात्री तो बाकावरून उठून आला, न्यू यॉर्कच्या जेट्सविरुद्ध पिछाडीवरून २१-१७ असं जिंकवलं. ६३५ दिवसांनी पहिला विजय. शहरात एका बियर कंपनीने कुलूप लावलेले फ्रीज ठेवले होते, टीम जिंकली की आपोआप उघडणारे. त्या रात्री ते उघडले. ज्याने ते पाहिलं नाही त्याला मी समजावू शकत नाही. त्या वर्षी त्याने २७ टचडाउन फेकले, नवख्या खेळाडूंचा तेव्हाचा विक्रम.

आता त्याचे मुख्य कोच मोजा. ह्यू जॅक्सन, ज्याचा क्लीव्हलंडमधला हिशेब ३ विजय, ३६ पराभव, १ बरोबरी. मग हंगामाच्या मध्येच हंगामी म्हणून ग्रेग विल्यम्स. मग फ्रेडी किचन्स, एक वर्ष. मग केविन स्टेफान्स्की. तिसऱ्या हंगामात चौथा साहेब. प्रत्येक साहेबाची भाषा वेगळी, चढाईची नावं वेगळी, पाय कुठे ठेवायचा तेही वेगळं. ज्यांनी ऑफिसात दोन वर्षांत तीन मॅनेजर पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. स्टेफान्स्की आल्यावर, चांगली भिंत मिळाल्यावर त्याच बेकरने २०२० साली ११-५ करून दाखवलं आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला पिट्सबर्गमध्ये ४८-३७ असं हरवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात त्याचा डावा खांदा फाटला. तो पट्टी बांधून खेळत राहिला आणि वाईट खेळला. हे त्याचं चुकलंच, बसायला हवं होतं. आणि बसवायला हवं होतं.

त्या एका वाईट वर्षावर त्याचा निकाल लागला. जुलै २०२२मध्ये कॅरोलायनाला दिला, बदल्यात काय, तर पाचव्या फेरीचा एक पिक, तोही अटी घालून. कॅरोलायनाने डिसेंबरात सोडला. लॉस अँजेलिसने उचलला, आणि येऊन दोन दिवस होतात न होतात तोच त्याने शेवटच्या मिनिटांत ९८ यार्डांची चढाई करून सामना काढला. मग टॅम्पा. २०२३ साली २८ टचडाउन आणि प्लेऑफमधला विजय, २०२४ साली ४१ टचडाउन. ज्याला आपण घालवला तो हाच. माणूस आपल्याला ओळखता आला होता, काका. पहिल्या नंबरवर, भर सभेत, नाव घेऊन ओळखला होता.

वॉटसनचा मुद्दा मात्र नुसता चूक नाही, मला त्याचा राग येतो.

आधी व्यवहार बघा. २०१७च्या ड्राफ्टमध्ये बारावा पिक आपल्याकडे होता. तो आपण ह्यूस्टनला विकला आणि त्यावर त्यांनी वॉटसन घेतला. बदल्यात आलेल्या पिकातून पुढे डेन्झेल वॉर्ड मिळाला, बचावातला उत्तम कॉर्नरबॅक, त्यामुळे तो सौदा मी वाईट म्हणणार नाही. पण पाच वर्षांनी तोच वॉटसन आपण परत विकत घेतला: पहिल्या फेरीचे तीन पिक, शिवाय तिसऱ्या-चौथ्या फेरीचे आणखी तीन. वर पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार, आणि पै न् पै हमीची. खेळला नाही, जखमी झाला, फॉर्म गेला, काही झालं तरी द्यायचेच. एवढी हमी त्याआधी कुणालाच कुणी दिली नव्हती. त्याने आधी ब्राउन्सना नकार कळवला होता; हमी वाढली आणि दुसऱ्या दिवशी होकार आला.

आणि हे केव्हा? वीसहून जास्त मसाज थेरपिस्ट महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले असताना. त्याने आरोप नाकारले, ग्रँड ज्युरींनी फौजदारी खटला उभा केला नाही, बहुतेक दावे पुढे तडजोडीने मिटले. लीगने मात्र ११ सामन्यांसाठी बाहेर बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. करारात पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाखांच्या आसपास ठेवला होता, म्हणजे बंदीच्या काळात कापला जाणारा पगार किरकोळ. म्हणजे बंदी येणार हे धरून हिशेब केला होता. याला डाव म्हणतात, मान्य. 'बरोबर' कुठल्या बाजूने? आमच्या घरात त्या वर्षी सामने लागले नाहीत. बायकोने सांगितलं नव्हतं; मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, तिने विचारलं, 'बाबा, हा कोण?' आणि मला उत्तर सुचेना, म्हणून टीव्ही बंद.

आता नशीब. खांदा दुखावला, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये टाच-पोटरीची शीर तुटली, काही महिन्यांत पुन्हा तुटली. हे नशीब म्हणा हवं तर. पण २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत तो एकूण १९ सामने खेळला, त्यांत ९ जिंकले, १० हरले, आणि २०२४ साली शीर तुटली त्या सामन्यापर्यंतच्या सात सामन्यांत टीम १-६ होती. सतराशे दिवस खेळापासून लांब राहिलेला माणूस परत जुन्यासारखा खेळेल की नाही, एवढा सावध विचार आपण शेतकऱ्याकडून बैल घेताना करतो. सतराशे नसतील, सातशेच्या आसपास असतील, रागात मोजमाप चुकतं. मालक जिमी हॅस्लम यांनीच २०२५च्या मार्चअखेर कबूल केलं की बॅट जोरात फिरवली आणि चेंडू हुकला. मालकाने मान्य केलेली चूक आपण का झाकायची?

यातला खरा काटा २०२३ सालात आहे. वॉटसन जखमी. त्या वर्षी पाच जणांनी सुरुवात केली. नोव्हेंबरात घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं, ज्याने बाल्टिमोरकडून वर्षानुवर्षं आपल्यालाच धुतलं होतं. त्याने पाचपैकी चार सामने जिंकून टीमला ११-६ वर आणून प्लेऑफला नेलं. घरून उठून आलेला माणूस, २३ कोटींच्या पुढे! आणि प्लेऑफमध्ये समोर कोण? ह्यूस्टन. वॉटसन विकून त्यांना मिळालेल्या आपल्या पिकांपैकी एक त्यांनी विल अँडरसन या बचावातल्या खेळाडूपर्यंत पोचायला वापरला होता. ४५-१४ असे हरलो. फ्लॅकोला वर्षातल्या सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला, आणि आपण त्याला जाऊ दिलं, कारण तो असला की वॉटसन अवघडतो. पुढचा हंगाम ३-१४.

राहिला उपाय. 'एक हंगाम मुद्दाम हरा.'

काका, आपण हे करून बसलोय! २०१६ साली १-१५, २०१७ साली ०-१६. बत्तीस सामन्यांत एक विजय. जानेवारी २०१८मध्ये हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोकांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली, अन्नदानासाठी पैसे जमवले. त्या शून्याच्या बदल्यात पहिला पिक मिळाला, म्हणजे बेकर. त्याचं काय केलं ते वर लिहिलंच आहे. काउचही पहिलाच पिक. दोन वेळा पहिला नंबर क्वार्टरबॅकवर वापरून झाला. २०१८च्याच ड्राफ्टमध्ये बत्तिसाव्या नंबरवर, पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, लमार जॅक्सन कुणी घेतला? बाल्टिमोरने. आपल्याकडून गेलेल्या टीमने. २००८ ते २०१८ त्यांच्याकडे फ्लॅको, तेव्हापासून लमार. कोच २००८ ते २०२५ जॉन हारबॉ, तब्बल अठरा हंगाम. हॅस्लम यांनी २०१२ साली टीम घेतल्यापासून २०१९ संपेपर्यंत आपण पाच मुख्य कोच घरी पाठवले.

३-१४ नंतर २०२५ साली दुसरा नंबर आला होता. तोही जॅक्सनव्हिलला विकला. मग क्वार्टरबॅक घेतले, पण कसे? तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रिएल आणि पाचव्या फेरीत शेडूर सँडर्स. त्याआधी केनी पिकेट आणलेला, फ्लॅको परत आणलेला, वॉटसन पगारावर. एका खोलीत पाच. लग्नात पाच आचारी बोलवावेत आणि शेगडी एकच असावी तसं. पिकेट ऑगस्टमध्ये गेला. फ्लॅकोने चार सामने सुरू केले, मग गेब्रिएलला लंडनमध्ये पहिली संधी दिली आणि फ्लॅकोला सिनसिनाटीला पाठवलं, म्हणजे आपल्याच विभागातल्या शत्रूकडे. नोव्हेंबरात सँडर्सची पाळी आली, लास व्हेगासला पहिली सुरुवात आणि विजय, २४-१०. शेवटी ५-१२, आणि दोनदा वर्षातला सर्वोत्तम कोच ठरलेला स्टेफान्स्की घरी.

जो थॉमसचं नाव मघाशी आलं. २००७ ते २०१७, सलग १०,३६३ चढाया तो एकही न चुकवता खेळला. त्याच्या मागे या काळात वीस क्वार्टरबॅक उभे राहिले. तिसऱ्या नंबरवर घेतला होता, २०२३ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला, प्लेऑफचा एकही सामना न खेळता. त्याला ओळखणारे डोळे याच इमारतीत होते.

काकांना एवढं सगळं पाठवलं. उत्तर आलं: 'वाचलं. पण तरी एक चांगला क्वार्टरबॅक मिळाला तर?' त्यावर मी काही लिहिलं नाही, कारण मलाही ऑगस्ट आला की तसंच वाटतं. मुलगी आता मोठी झाली आहे, सामने पुन्हा बघते. तिला सँडर्सची जर्सी हवी होती, १२ नंबर. दुकानात गेलो, घेतली. काउंटरवरच्या बाईने पिशवी देताना, आम्ही काही न विचारता सांगितलं, 'पावती जपून ठेवा हं.'